किल्लीवरची तार

“हे तुमचे हेल्पर का?” असं त्या गृहस्थांनी निवेदिताला विचारलं. तिच्या दातांत तेव्हा तार होती. तारेवरचं प्लॅस्टिक ती दातांनीच सोलायची, कितीदा सांगितलं तरी. त्यामुळे असेल, पण उत्तर तिच्या बापाने दिलं. “हो,” चिंतामण म्हणाला, आणि खाली वाकून पेचकस-पकडींचा डबा लावू लागला. डबा लावलेलाच होता. सकाळी त्यानेच लावला होता. पलासियाच्या मोठ्या रस्त्यावरून टेम्पो गेल्याची धडधड मागच्या या गल्लीत येत होती, समोरच्या कोचिंग क्लासची मुलं सायकली भिंतीला टेकवत होती, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, आणि तरी चिंतामणला वाटलं की जिथे पायरी नव्हती तिथे आपण पाय टाकला. हेल्पर या शब्दात वाईट काही नव्हतं. मिलमध्ये तो वायरमन होता तेव्हा त्याच्याही हाताखाली हेल्पर असत. शिडीवर चढल्यावर तो न बघता हात खाली करी आणि पकड हातात येई; ती कोण देतो आहे हे बघायची गरज कधी पडली नाही. आता न बघता मागे येणारा हात निवेदिताचा असे, बांगडी नसलेला, नखांत काळं गेलेला, आणि त्यात पकड ठेवणारा तो. कित्येक महिने तो हेच करत होता. पण त्याला नाव नव्हतं. घरी सरला, त्याची बायको, शेजारणीला सांगायची की हे दुपारचे जरा निवीच्या दुकानात जाऊन बसतात. जाऊन बसतात, एवढंच. आज एका परक्या माणसाने सहज त्याला नाव दिलं आणि त्याने ते घेतलं. आणि निवेदिता काही बोलली नाही. तार दातांतून काढल्यावरही नाही.

गृहस्थांचं नाव दौलतराव. स्नेहलतागंजात राहायचे, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा बुशकोट, आणि बोलण्यात जुन्या होळकरी घराण्याची ऐट, जी आता बोलण्यातच उरली असावी, कारण गाडी साधी, दुधी रंगाची जुनी फियाट होती आणि ते स्वतःच ती चालवत आले होते. शेजारच्या सीटवर त्यांची पत्नी बसली होती, भानुमतीबाई. उजवा हात मांडीवर, कोणीतरी उचलून तिथे ठेवून दिल्यासारखा, आणि डावा खिडकीच्या काठावर. दौलतरावांनी सांगितलं ते असं: उन्हाळ्यात बाईसाहेबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण तोंडातून येतं ते एकच, “बरं का”. पाणी हवं असलं तरी बरं का, राग आला तरी बरं का. त्या दिवशी याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं होतं, तेव्हापासून इंजिन सुरू झालं की त्या घाबरतात, दार घट्ट धरून बसतात. बासरी लावली की मात्र निवळतात. शब्दांची गाणी आता नको होतात त्यांना. मुलाने दुबईहून गाडीत लावायचा हा टेप पाठवला, दौलतरावांनी तो कुणाकडून तरी बसवून घेतला, तर त्या माणसाने तारा सरळ बॅटरीला जोडून दिल्या. म्हणजे टेप हाताने लावायचा आणि हातानेच बंद करायचा. दौलतराव लावायचे विसरले की बाईसाहेब रडत. बंद करायचे विसरले की सकाळी बॅटरी उतरलेली. मागच्या आठवड्यात सांवेर रस्त्याला सोयाबीन बघायला म्हणून झाडाखाली थांबले, टेप वाजत राहिला, दोघांनाही डुलकी लागली, आणि मग गाडी सुरूच होईना. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने धक्का दिला. “बात अशी आहे बेटा,” ते निवेदिताला म्हणाले, “मी विसरतो. वय झालं. पण गाडीने विसरू नये. चाबी फिरली की बासरी लागली पाहिजे, चाबी काढली की बंद. बस, एवढं करून द्या.”

निवेदिताने मान हलवली, दार उघडलं आणि पाठीवर झोपून ती स्टीअरिंगच्या खाली शिरली. चिंतामणने टॉर्च धरला. टॉर्च धरण्याच्या कामात डोकं मोकळं राहतं, आणि त्याचं डोकं मोकळं राहिलं की मिलकडे जाई. मिल बंद पडली तेव्हा त्याला वाटलं होतं, कामाची आठवण येईल. आली ती आवाजाची. सांचाखात्यात, म्हणजे जिथे माग चालत त्या लांबलचक शेडमध्ये, आवाज नुसता कानांत नसे. तो छातीत असे, दातांत असे, चपलांतून तळव्यांत येई. मोटर जळली की तिथे जायचं, आणि मोटर रोज कुठली ना कुठली जळे. चिंतामणची उमर त्या शेडमध्येच गेली. मग एक दिवस गेटला कुलूप लागलं, भोंगा थांबला, आणि वस्तीतली घड्याळं तेव्हापासून थोडी थोडी चुकू लागली असं त्याला वाटे. बरोबरच्यांपैकी काहींनी भाजीचे ठेले लावले, कोणी टेम्पो घेतला, कोणी नुसतेच चौकात उभे राहू लागले. शहर मात्र त्याच दिवसांत अंगात आल्यासारखं झालं होतं. पलासियाला काचेची दुकानं उघडत होती, रस्त्यावर रोज नवी मारुती, छपरांवरून केबलच्या तारा, गल्लोगल्ली कोचिंग. बाहेर असा गलका आणि चिंतामणच्या घरात शांतता. ती कशी आली ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. सरला पूर्वी पोळ्या लाटता लाटता बोलायची, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. आता बोले ती पुटपुटल्यासारखं. मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या की कुजबुजच चाले. आपल्याला लागू नये म्हणून हळू बोलतात, असं त्याने धरलं होतं. घरात आजारी माणूस असलं की बाहेरच्या खोलीत बोलतात तसं. विचारलं त्याने कधी नाही. अर्धवट काही कानावर आलं तर तो हो म्हणे. हो म्हटलं की माणसं पुढे जातात. एकदा सरला काहीतरी विचारून उभी राहिली, तो हो म्हणाला, तर ती बाम घेऊन आली आणि त्याच्या कपाळाला चोळू लागली. डोकं दुखतंय का, असं विचारलं असावं. त्याने मुकाट्याने चोळून घेतलं. कधीतरी मनात दुसरीच एक शंका येई, कुकर शिट्ट्या देऊन देऊन करपला आणि आपण शेजारीच बसलो होतो अशा एखाद्या दिवशी. तेव्हा तो रेडिओ मोठा करी आणि त्यात ती शंका बुडवून टाकी.

दुकानात येणंही असंच, कोणी न बोलावता झालं होतं. निवेदिताने पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, वर्षभर मोठ्या रस्त्यावरच्या एका कारवाल्यांच्या दुकानात नोकरी केली, आणि मग एक दिवस घरी येऊन सांगितलं की मागच्या गल्लीतला अर्धा गाळा घेतला आहे, टेप आणि स्पीकर बसवून देणार. मुलगी गाडीखाली शिरणार यावर सरला दोन दिवस जेवली नाही. दुकानाचं शटर जड आहे हे बघून चिंतामण संध्याकाळी ते ओढायला जाऊ लागला. मग दुपारी डबा घेऊन. मग डबा खाऊन होईपर्यंत बसणं. मग टॉर्च. पहिल्यांदा टॉर्च धरला तेव्हा तिने त्याला टेपच्या मागच्या तारा दाखवल्या होत्या, समोर बसून, एकेक बोटात धरून. काळी गाडीच्या पत्र्याला. पिवळी कायम बॅटरीवर, तिच्यामुळे टेपला घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल किल्लीवर. “पिवळी आठवणीची, बाबा, आणि लाल जागं करायची.” त्याला गंमत वाटली होती. मिलमध्ये तीन फेज होते, अर्थिंग होतं, माणूस चिकटला तर सुटणार नाही एवढी वीज होती, पण लक्षात ठेवण्यासाठी वेगळी तार काही नव्हती. आणि इथे गाडीचा सगळा पत्राच परतीची वाट. उघड्या पत्र्यातून वीज घरी जाते, हे त्याच्या हाताला अजून पटत नव्हतं. पत्र्याला तो आधी हाताची मागची बाजू लावून बघे, वायरमन बघतात तशी, म्हणजे झटका बसलाच तर मूठ मिटते ती पत्र्यापासून दूर. निवेदिता हसायची. बारा व्होल्ट आहे बाबा, गुदगुल्यासुद्धा नाही होणार. तो शिकला होता, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा, आणि शिकताना त्याला बरं वाटलं होतं. सलत होतं ते एवढंच, की ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. पाण्याने उताराकडे जावं तसा तो इथे आला होता, आणि आता त्याला हेल्पर म्हणत होते.

स्टीअरिंगखालून हात बाहेर आला. त्याने त्यावर टेस्टलॅम्प ठेवला, दोन तारांचा लहानसा बल्ब. किल्लीने चालू होणारी आणि किल्लीने मरणारी तार शोधायची होती. दौलतराव दाराशी उभे राहून किल्ली फिरवत होते, निवेदिता एकेक तार टोचून बघत होती. बल्ब काहींवर पेटलेलाच राही, काहींवर पेटतच नसे. मग एकावर किल्लीबरोबर पेटला, किल्लीबरोबर विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला. स्विचच्या मागून इंजिनाकडे जाणारी ती जाड तार होती. निवेदिताने टेपची लाल तार तिला जोडली, वर काळी टेप गुंडाळली, पिवळी बॅटरीवर राहू दिली आणि ती बाहेर सरकली, आणि दौलतरावांनी आत बसून किल्ली फिरवली तशी डॅशबोर्डमध्ये हिरवे आकडे उमटले आणि बासरी सुरू झाली. सेल्फ मारल्यावर क्षणभर दबली आणि इंजिनाबरोबर पुन्हा आली. दौलतरावांचा चेहरा खुलला. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. आणि त्याच वेळी भानुमतीबाईंनी डावा हात कानावर नेला.

“बरं का,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, तोंड वेडंवाकडं करून, “बरं का, बरं का.” दौलतराव त्यांना समजावू लागले की काही नाही, इंजिन आहे, बासरी लागली आहे ना. त्यांनी आवाज कमी केला. त्या आणखीच घाबऱ्या झाल्या, मान हलवू लागल्या, डोळ्यांत पाणी आलं. दौलतरावांनी आवाज वाढवला, तर त्यांनी तो डावा हात डॅशबोर्डवर आपटला. निवेदिताने दारातून मान आत घालून स्पीकरशी कान नेला. गल्लीत कोणाची तरी स्कूटर फुटफुटत होती. काहीतरी शिट्टीसारखं आहे, पण नक्की सांगता येत नाही, असं ती म्हणाली, आणि बापाला विचारलं, “बाबा, येतेय का बारीक शिट्टी? गाडी रेस केली की चढते अशी?” चिंतामणने ऐकलं. इंजिन ऐकू येत होतं. तबला येत होता. बासरीचाही खालचा, घोगरा भाग येत होता. त्याच्या वरच्या पट्टीत काहीच नव्हतं. “हो,” तो म्हणाला. निवेदिताने लगेच विचारलं, कुठल्या स्पीकरवर, डाव्या की उजव्या. त्याने डाव्या स्पीकरकडे पाहिलं, उजव्या स्पीकरकडे पाहिलं. मग त्याची नजर भानुमतीबाईंवर गेली. त्या कान झाकून त्याच्याचकडे बघत होत्या. समोरच्या माणसाला कळावं म्हणून त्यांचा चेहरा इतका झटत होता, आणि आपण ऐकू न येणाऱ्या गोष्टीला हो म्हणून मोकळे झालो होतो. त्याला त्या बाईंसमोर ते जमेना.

“नाही, निवे,” तो म्हणाला. “मला काही येत नाही ऐकू. बारीक आवाज मला येतच नाहीत.”

निवेदिताने मान बाहेर काढली. दौलतरावांना तिने इंजिन बंद करायला सांगितलं. मग ती बापाच्या अगदी समोर उभी राहिली आणि कधीपासून, असं विचारलं. त्याने खांदे उडवले. कधीपासून ते त्याला कुठे माहीत होतं. मिल होती तेव्हा सगळेच ओरडून बोलत. तिच्या कपाळावर डॅशबोर्डखालची धूळ होती आणि त्या धुळीतून एक आठी हळूहळू वर चढत होती. “मी तुम्हाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर. तुम्ही शटर लावून राहिले होते, मी मागे उभी. म्हटलं बाबा, तुम्ही इथेच या ना पक्के. बोर्डावर दोघांचं नाव लावू. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. मला वाटलं, पोरीच्या हाताखाली नको असेल. मग आई म्हणाली, पुन्हा नको विचारू, त्यांना लागतं.”

चिंतामणला ती संध्याकाळ आठवली नाही, कारण त्याच्याकडून तिच्यात काही घडलंच नव्हतं. शटर लावलं होतं, एवढंच. पण तिच्यामागून दुसऱ्या संध्याकाळी येऊ लागल्या, एकीमागून एक. सरलाचे हलणारे ओठ. पोळपाटाशी तिची पाठ. ती वळून वाट बघत राहिली आहे आणि मग पुन्हा लाटायला लागली आहे, असं त्याने कितीदा पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ काय लावला होता. कोणी कुजबुजत नव्हतं. त्या बोलतच होत्या. एवढी वर्षं त्या घरात आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होत्या, विचारत होत्या, कदाचित हाकाही मारत होत्या, आणि तो भिंतीकडे तोंड करून त्यांची कीव सोसत बसला होता, जी कोणी केलीच नव्हती. त्याने गाडीच्या टपावर हात टेकला. दुःख असावं, असं त्याला आधी वाटलं. पण ते दुःख नव्हतं. पाठीवरचं पोतं खाली ठेवल्यावर माणूस क्षणभर पुढे झुकतो, तोल जातो, तसं काहीतरी होतं. ओठ दिसले की त्याला कळायचं. सांचाखात्यात सगळे तसंच ऐकत, डोळ्यांनी. पाठमोरं कोणी बोललं तरच सगळं जायचं. एवढीच गोष्ट होती.

“बरं का,” गाडीतून आलं, दमलेल्या आवाजात.

तो वळला. खिडकीपाशी गेला. आणि काही ठरवण्याआधीच त्याचा हात वर आला, जसा शेडमध्ये यायचा. तिथे मागावरची माणसं तोंडाने बोलत नसत, बोलून उपयोग नसे; हातांनी बोलत. मूठ गोल फिरवली की मोटर. चिमूट ओढली की धागा, म्हणजे बारीक. तळहात खाली दाबला की कमी, वर उडवला की जास्त. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला जेवायला काय आणलंय तेही विचारी, मधे एवढा गडगडाट असताना. चिंतामणने कानाजवळ चिमूट नेली आणि ती हवेत ओढली: बारीक आवाज? भानुमतीबाई बघत राहिल्या. त्यांचा डावा हात कानावरून खाली आला. त्यांनी चिमूट केली, आणि ओढली, आणि मान हलवली. त्याने मूठ फिरवली, मग तळहात उडवला: इंजिन जोरात गेलं की वाढतो? त्यांनी तळहात उडवला. पुन्हा उडवला, वर, वर, आणि तोंड आंबट केलं. चिंतामणला हसू आलं. ते तोंड मिलमध्येही तसंच करत. त्याने निवेदिताला सांगितलं की इंजिनाबरोबर चढते शिट्टी, बाईंना साफ ऐकू येते आहे. निवेदिता स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली की लाल तार इंजिनाच्याच लाइनवर गेली, त्यातला कचरा टेपमध्ये येतोय. दुसरीकडून घ्यावी लागेल.

मग काम वेगळंच चाललं. निवेदिता पुन्हा डॅशबोर्डखाली, दौलतराव सीटवर पाय आवरून ॲक्सिलेटर देत, चिंतामण खिडकीशी, आणि भानुमतीबाई सांगणार. निवेदिताने वायपरच्या फ्यूजवरची तार बल्ब लावून पाहिली. तीही किल्लीबरोबर जागी होत होती. लाल तार तिथे लावली. दौलतरावांनी गाडी रेस केली. चिंतामणने बाईंकडे पाहून भुवया उडवल्या. त्यांनी तळहात खाली दाबला: कमी. पण चिमूट अजून ओढली: आहे थोडी. चिंतामण खाली वाकून निवेदिताला म्हणाला की काळी तार कुठे आवळली आहे बघ. ती एका रंगवलेल्या पट्टीवर आवळलेली होती, रंगातून वीज नीट परत जात नव्हती. “रंग खरवडा तुम्ही, मी धरते टॉर्च,” ती म्हणाली, आणि ओठ दिसावेत म्हणून मान वाकडी करून म्हणाली. तो खाली शिरला. पाठीखाली गाडीचा गरम पत्रा, डोळ्यांवर धुळीचे कण, बाजूला निवेदिताच्या चपला. त्याने पत्रा पेचकसाने खरवडला, पांढरा होईपर्यंत, आणि तार आवळली, सरळ तळहाताने दाबून. वर इंजिन चढलं, उतरलं, चढलं. तो सरकत बाहेर आला. भानुमतीबाईंचा हात खिडकीच्या काठावर पडला होता, उघडा, बोटं सैल. त्यांनी डोळे मिटले होते. दौलतराव किल्लीवर हात ठेवून बसले होते आणि बायकोच्या त्या हाताकडे बघत होते.

मग त्यांनी विचारलं की हे हातांचं कुठे शिकलात. मिलमध्ये, चिंतामणने सांगितलं, सांचाखात्यात. “माझे वडील आहेत, काका,” निवेदिता म्हणाली. “वायरमन होते.” दौलतरावांनी मान हलवली, नाव विचारून घेतलं. त्यांना माफी मागायची असावी, पण दुसरंच काही जास्त निकडीचं त्यांच्या तोंडाशी आलं होतं. “चिंतामणजी, मला शिकवाल?” ते म्हणाले. “सगळे आमच्या बाईसाहेबांशी बोलतात. मीही बोलतो, दिवसभर बोलतो. आज पहिल्यांदा पाहिलं, त्या कुणाला उत्तर देत होत्या.” संध्याकाळी या, तो म्हणाला. शटर लावायच्या आधी असतो मी.

निवेदिताने ते ऐकलं. हात पुसायचा फडका खांद्यावर टाकून ती त्याच्या समोर आली, आणि गल्लीतल्या सगळ्या गोंगाटात नीट, सावकाश, शब्द सुटे करून म्हणाली, “मग पक्के येता का इथे? आता तोंडावर विचारते.” तिच्या डोळ्यांत भीती होती. त्याने हे कधी पाहिलं नव्हतं, की तिलाही त्याच्या उत्तराची भीती वाटते. त्याने वर पाहिलं, गाळ्याच्या कपाळावर, जिथे आधीच्या दुकानाचा पत्रा काढल्यावर खिळ्यांची भोकं राहिली होती. “बोर्ड केवढा करायचा?” त्याने विचारलं. “दोन नावं बसली पाहिजेत.” ती हसली आणि लगेच वळली, आणि वळून काहीतरी बोलली, आणि मग आठवण होऊन पुन्हा त्याच्याकडे तोंड करून तेच बोलली: आधी कान दाखवायचे, उद्याच, आणि आईला मी सांगणार, तुम्ही नाही.

ट्रायल घ्यायची होती. निवेदिताचं दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं होतं, म्हणून चिंतामण मागच्या सीटवर बसला. दौलतरावांनी किल्ली फिरवली, बासरी आपसूक लागली, आणि फियाट गल्लीतून मोठ्या रस्त्याला आली. पलासियाच्या चौकात सगळेच एकदम घुसले होते, दौलतराव हॉर्न देत, पुटपुटत होते, आणि भानुमतीबाई शांत बसल्या होत्या, दार न धरता. गर्दी सुटली तशी गाडीने वेग घेतला. चिंतामण पुढे झुकून ऐकू लागला. ठेका येत होता, गुबगुबीत, पाठीला सीटमधून लागत होता. बासरी खालून चालू झाली, घोगरी, ओळखीची, आणि मग चढू लागली, आणि चढता चढता, नेहमीसारखी, त्याच्या कानांतून निघून गेली. ठेका एकटाच राहिला. त्या रिकाम्या जागेवर चिंतामण थांबला होता. तेवढ्यात पुढच्या सीटवरून काचेवर टकटक झाली. भानुमतीबाईंनी डावा हात त्याला दिसेल असा खिडकीत धरला होता. तो हात वर चालला होता. हे सांचाखात्यातलं काही नव्हतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. हात हळूहळू वर गेला, काचेच्या वरच्या कडेशी थांबला, तिथे बोटं किंचित थरथरली, एक बोट आणखी वर गेलं, टेकलं, परत आलं, पुन्हा गेलं. चिंतामण बघत होता. वर काय चाललं होतं ते त्याला आता दिसत होतं, कुठे थांबते, कुठे वळते, कुठे खेळते. मग हात खाली यायला लागला, घाई न करता, एकेका पायरीवर विसावत, काचेच्या मध्यावर आला, आणि तो अगदी जिथे होता तिथेच, त्याच उंचीवर, बासरी पुन्हा त्याच्या कानांत आली.